कार्डिओ किकबॉक्सिंगचा वर्ग आणि लढतीला लागणारा दम

अकोटेकर

नमस्कार. माझी मुलगी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. ती शाळेपासून किकबॉक्सिंग करते आणि आता रिंगमधल्या लढतींत उतरू लागली आहे. मी स्वतः आमच्या भागातल्या कार्डिओ किकबॉक्सिंगच्या वर्गाला जाते. तिथे संगीताच्या तालावर पाऊण तासाहून अधिक वेळ ठोसे, लाथा आणि गुडघ्याचे मार चालतात, समोर बॅग नसते, जोडीदारही नसतो, आणि मनगटावरचे घड्याळ बहुतेक वेळ 150 च्या आसपास हृदयगती दाखवते. मला या वर्गाचा पुष्कळ फायदा झाला. मुलीचाही दम वाढेल असे वाटून मी तिला सोबत नेऊ लागले, आणि आता ती बहुतेक संध्याकाळी आधी वर्ग करते व तिथूनच आपल्या सरावाला जाते.

अडचण अशी आहे की लढतीच्या दुसऱ्या फेरीत तिचे हात खाली येतात, मारलेली लाथ परत घ्यायला उशीर होतो आणि फेऱ्यांमधल्या एका मिनिटात तिची धाप बसत नाही. तिचे प्रशिक्षक म्हणतात की वर्ग पूर्ण बंद करून अ‍ॅनारोबिक तयारी करावी, म्हणजे थोडा वेळ सर्व ताकदीनिशी काम आणि त्यानंतर विश्रांती. वर्ग घेणाऱ्या ताई म्हणतात की पाऊण तास न थांबता हालचाल करणाऱ्या मुलीला दोन मिनिटांची फेरी जड जाण्याचे कारण नाही, तेव्हा वर्ग आणखी नेटाने करावा. दोघेही तळमळीने शिकवणारे आहेत. जाणकारांनी आपले मत कारणासह लिहावे, ही विनंती.

पॅडधारी

अकोटेकर ताई, मी मांजलपूर भागात मुलांना बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंग शिकवतो. तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांचे म्हणणे मला बव्हंशी पटते.

लढतीचा आराखडा पाहा. किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये 2 मिनिटांच्या 3 फेऱ्या असतात आणि मध्ये 1 मिनिट विश्रांती असते. तायक्वांदोतही फेरी 2 मिनिटांचीच असते. हौशी बॉक्सिंगमध्ये 3 मिनिटांच्या 3 फेऱ्या, तर ज्युदोची लढत 4 मिनिटांची. परंतु या दोन-तीन मिनिटांच्या आत खेळाडू सलग मारत नसतो. तो अंतर राखतो, पाय हलवतो, हुलकावणी देतो, आणि मग दोन-तीन सेकंद असे येतात की त्यात तीन ठोसे आणि एक लाथ संपूर्ण ताकदीने द्यावी लागते. लगेच पाठोपाठ समोरच्याचा मार चुकवावा किंवा झेलावा लागतो. निकाल या दोन-तीन सेकंदांवर लागतो, आणि ते सेकंद फेरीत पुनःपुन्हा येतात.

वर्गात यातले काही घडत नाही. तिथे प्रत्येक ठोसा तालाला बांधलेला असतो, त्यामुळे पहिला ठोसा आणि शेवटचा ठोसा एकाच मध्यम जोराने पडतो. हवेत मारल्यामुळे हाताला प्रतिकार मिळत नाही. उलट स्वतःचा हात थांबवण्याचे काम खांद्याला आणि कोपराला करावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताल थांबत नाही, त्यामुळे शरीर नकळत ताकद राखून ठेवायला शिकते. आठवड्यातले चार-चार दिवस सरावाच्या आधी हे केले की खेळाडू थकलेल्या पायांनी पॅडवर येतो आणि तिथेही मध्यम जोरानेच मारतो. माझ्याकडच्या मुलांमध्ये हे मी वारंवार पाहिले आहे. दोन्हीकडे घाम भरपूर येतो आणि दोन्हीकडे वेग वाढत नाही.

प्राणवायू

मी शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. पॅडधारी यांचे निरीक्षण योग्य आहे, परंतु त्यावरून लढत म्हणजे केवळ अ‍ॅनारोबिक काम असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्नायूला आकुंचनासाठी एटीपी हे ऊर्जा देणारे रसायन लागते आणि ते साठ्यात फारच थोडे असते, म्हणून ते सतत नव्याने बनवावे लागते. पहिल्या काही सेकंदांच्या जोरदार कामासाठी ते स्नायूतच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटपासून बनते. हा मार्ग सर्वांत जलद आहे, पण साधारण 10 सेकंदांच्या पूर्ण ताकदीच्या कामात तो बराचसा रिता होतो. त्यापुढे ग्लायकोजनचे, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचे, ऑक्सिजनविना विघटन हा मुख्य आधार होतो आणि लॅक्टेट तयार होते. तिसरा मार्ग ऑक्सिजनचा. तो संथपणे सुरू होतो, पण टिकतो. हे तीन मार्ग एकामागून एक चालू-बंद होत नाहीत, तिन्ही एकाच वेळी चालतात, फक्त त्यांचा वाटा बदलतो. सलग पूर्ण ताकदीने काम केले, तर सुमारे 75 सेकंदांच्या आसपासच ऑक्सिजनचा आणि विनाऑक्सिजन मार्गांचा वाटा बरोबरीला येतो, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते.

आता प्रत्यक्ष मोजमापे पाहू. 2004 साली राल्फ बेनेके आणि सहकाऱ्यांनी कराटेतील कुमितेचा, म्हणजे दोघांमधल्या लढतीचा, ऊर्जाखर्च मोजला. त्यात सुमारे 78 टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने, 16 टक्के क्रिएटिन फॉस्फेटच्या मार्गाने आणि केवळ 6 टक्के लॅक्टेटच्या मार्गाने आली. 2012 साली तायक्वांदोच्या नकली लढतीवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आकडे अनुक्रमे 66, 30 आणि 4 टक्के होते. म्हणजे एकूण बेरजेत ऑक्सिजनचाच वाटा मोठा. मग वर्गवाल्या ताई बरोबर ठरतात का? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण या आकड्यांच्या आत आहे. गुण मिळवून देणारी लाथ त्या 16 किंवा 30 टक्क्यांतून निघते. उरलेला मोठा वाटा त्या लाथांच्या मधल्या वेळेत खर्च होतो, आणि त्या वेळेचे मुख्य काम रिकामा झालेला फॉस्फेटचा साठा पुन्हा भरणे हे असते. गच्चीवरची टाकी क्षणात रिकामी करता येते, पण ती भरणारी मोटर आपल्या गतीनेच पाणी चढवते. इथे ती मोटर म्हणजे ऑक्सिजनचा मार्ग. साधारण पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्मा साठा परत येतो, पूर्ण भरायला 3 ते 5 मिनिटे लागतात. ज्याचा ऑक्सिजनचा पाया चांगला, त्याचा साठा लवकर भरतो.

यावरून दोन स्वतंत्र गोष्टी साधाव्या लागतात. साठा मोठा आणि जलद वापरता येणारा हवा, आणि तो लवकर भरता यायला हवा. पहिली गोष्ट फक्त पूर्ण ताकदीच्या छोट्या कामाने आणि त्यानंतरच्या पुरेशा विश्रांतीने साधते. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी संथ, लांब आणि आरामात बोलता येईल अशा व्यायामाने साधते, आणि काही अंशी तीव्र मध्यांतरांच्या व्यायामाने. कार्डिओ किकबॉक्सिंगचा वर्ग या दोहोंच्या मधोमध पडतो. लांब, संथ कामासाठी तो जास्त तीव्र आहे आणि पूर्ण ताकदीच्या कामासाठी फारच सौम्य. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला 150 ची हृदयगती दिवसाआड नव्हे, तर बहुतेक दररोज सरावाच्या आधी सोसावी लागत असेल, तर तिच्या सरावातले ताजेपण संपणारच.

इथे ताबाता यांच्या प्रयोगाचा उल्लेख करतो, कारण त्या नावाने हल्ली काहीही चालते. इझुमी ताबाता यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने आठवड्यातून 5 दिवस 60 मिनिटे मध्यम तीव्रतेने सायकल चालवली. दुसऱ्या गटाने 20 सेकंद काम आणि 10 सेकंद विश्रांती अशा 7 ते 8 फेऱ्या केल्या, परंतु त्या 20 सेकंदांची तीव्रता कमाल ऑक्सिजनक्षमतेच्या 170 टक्के होती. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची ऑक्सिजनक्षमता वाढली. अ‍ॅनारोबिक क्षमता मात्र दुसऱ्याच गटाची वाढली, 28 टक्क्यांनी, आणि पहिल्या गटाची जवळजवळ होती तेथेच राहिली. सहसा न सांगितली जाणारी बाब अशी की दुसऱ्या गटाचाही आठवड्यातला एक दिवस मुख्यतः मध्यम गतीच्या सायकलीचा होता. संगीतावर हवेत ठोसे मारून 170 टक्क्यांची तीव्रता गाठता येत नाही, मग घड्याळ 20 आणि 10 सेकंदांचे लावले तरी.

ठेका

मी असे वर्ग घेते, त्यामुळे माझी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, आणि वर दिलेल्या माहितीशी माझा विरोध नाही.

कार्डिओ किकबॉक्सिंग लढवय्यांसाठी तयारच झाले नाही. कराटेपटू असलेल्या बिली ब्लँक्स यांनी अमेरिकेत ताय-बो या नावाने जो व्यायाम लोकप्रिय केला आणि जो 1990 च्या दशकाच्या अखेरीस चित्रफितींतून घरोघरी गेला, त्याचा उद्देश सामान्य माणसाला, विशेषतः एरवी व्यायामशाळेची पायरी न चढणाऱ्या स्त्रियांना, हलते करणे हा होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोरकस व्यायाम करायला सांगते. दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करून संध्याकाळी येणारी बाई माझ्या वर्गात हे प्रमाण सहज पूर्ण करते, आणि ती वर्षभर टिकते, कारण तिला आनंद मिळतो. ज्या व्यायामात माणूस टिकतो त्याचे मोल मी मोठे मानते.

दोन गोष्टींना मात्र माझा ठाम विरोध आहे. एक म्हणजे हा वर्ग स्वसंरक्षण म्हणून विकणे. ज्या मुलीने कधी कोणाचा हात मनगटावर जाणवून घेतला नाही, कधी पॅडला धडक दिली नाही, तिला आपण स्वतःचा बचाव करू शकतो असा विश्वास देणे धोक्याचे आहे. दुसरी म्हणजे हातात डंबेल घेऊन ठोसे मारायला लावणे. त्याने ताकद वाढत नाही आणि कोपर व खांदा दुखावतो. मी ताल मिनिटाला 125 ते 135 ठोक्यांच्या पुढे नेत नाही. त्याहून वेग वाढला की माणसे कोपर आणि गुडघा झटक्याने ताठ करू लागतात, आणि आडवी लाथ मारताना उभ्या पायाची टाच फिरवायची विसरतात. पाय जमिनीला चिकटून राहिला आणि कंबर फिरली की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. ही सवय लढणाऱ्या मुलीला लागली तर तिच्या प्रशिक्षकांना ती मोडून काढावी लागेल, आणि त्यांच्या आग्रहामागे हेही कारण असू शकते.

तांबडी माती

आमची पिढी दांडिया बाजाराच्या आखाड्यांत वाढली, म्हणून चार शब्द लिहितो.

बडोद्यात हा प्रश्न नवा नाही. व्यायामगुरू जुम्मादादांच्या परंपरेत प्रा. माणिकरावांनी एकीकडे कुस्ती आणि मल्लखांब चालवला, आणि दुसरीकडे लेझीम व संघव्यायाम यांना नावारूपास आणले. शेकडो मुले एका हुकमावर, एका ठेक्यावर हात-पाय हलवत असत, आणि त्यातून शरीर चपळ होई, शिस्त येई. परंतु लेझीम उत्तम खेळतो म्हणून कोणाला कुस्तीच्या हौद्यात जोडीला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उतरवत नसत. जोडीची तयारी निराळी. वस्ताद ताज्या दमाचे पैलवान एकामागून एक अंगावर सोडत, प्रत्येक झटापट थोडाच वेळ चाले, मग माती अंगाला चोळत उभे राहायचे आणि श्वास नाकावर येईपर्यंत पुढच्याला हात द्यायचा नाही. तो थांबण्याचा वेळ वस्ताद ठरवीत, पैलवान नव्हे. प्राणवायू यांनी सांगितलेली विश्रांती ती हीच असावी असे मला वाटते.

जोर-बैठका मात्र मोठ्या संख्येने आणि संथ लयीत होत, आणि त्या पहाटे होत. जोडी संध्याकाळी. दोन्ही एकाच वेळी एकाच अंगावर लादत नसत. तुमच्या मुलीच्या बाबतीत वर्ग आणि सराव लागोपाठ होतो, हे मला सर्वांत जास्त खटकले.

नाडी

मी डॉक्टर आहे. या चर्चेत एक शक्यता कोणी मांडलेली नाही, म्हणून आवर्जून लिहितो.

तरुण मुलगी नियमित व्यायाम करत असूनही लवकर दमते, तिची धाप विश्रांतीत बसत नाही, असे ऐकले की माझ्या मनात पहिला प्रश्न रक्ताचा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील भारतातील 57 टक्के आणि गुजरातमधील 65 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंपर्यंत ऑक्सिजनच कमी पोहोचतो, आणि वर सांगितलेली फॉस्फेटची भरपाई त्याच ऑक्सिजनवर चालते. मग प्रशिक्षण कोणत्याही पद्धतीचे असो, दुसऱ्या फेरीत हात खाली येणारच. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय मानतात. परंतु हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनही तपासावे. पाळीत रक्तस्राव अधिक होतो का, जेवणात लोह किती आहे, जेवणाला लागूनच चहा घेतला जातो का, हे डॉक्टरांना सांगावे. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नयेत.

पूर्ण ताकदीच्या मध्यांतरांबाबत इतरांसाठीही सांगतो. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने अशी तयारी एकदम सुरू करू नये. 2023 च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत, आणि त्यात तरुणही होते. छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबावे. पहिल्याच दिवशी अतिरेक केल्यास स्नायूंची मोडतोड होऊन लघवी चहासारखी गडद होऊ शकते, आणि तसे झाले तर रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर फेऱ्या कमी ठेवाव्यात, आणि घामाबरोबर मीठही जाते हे लक्षात घेऊन नुसत्या पाण्याऐवजी मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे.

अकोटेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाडी डॉक्टरांचे वाचून आम्ही तपासणीला रक्त दिले आहे. तोवर एक विचारते. सुधारणा होत आहे की नाही हे घरी किंवा सरावाच्या जागी कसे मोजावे? घड्याळावरच्या कॅलरींवर आता माझा भरवसा राहिला नाही.

पॅडधारी

ताई, तायक्वांदोमध्ये यासाठी एक सोपी चाचणी वापरतात आणि किकबॉक्सिंगलाही ती लागू पडते. जड बॅगेसमोर उभे राहून 10 सेकंद जमतील तितक्या आडव्या लाथा मारायच्या, उजवी-डावी आलटून पालटून, मग 10 सेकंद थांबायचे, आणि असे 5 वेळा करायचे. प्रत्येक वेळच्या लाथा मोजून लिहून ठेवाव्यात. समजा पहिल्या खेपेला 20 आणि नंतर 19, 17, 16, 15 निघाल्या, तर एकूण 87 झाल्या. सर्वोत्तम खेप पाचही वेळा टिकली असती तर 100 झाल्या असत्या, म्हणजे घट 13 टक्के. पहिल्या खेपेचा आकडा स्फोटक ताकद सांगतो आणि घट सांगते की भरपाई किती लवकर होते. पहिला आकडाच कमी असेल तर छोट्या, पूर्ण ताकदीच्या कामावर भर द्यावा. पहिला चांगला आणि घट मोठी असेल तर पाया कच्चा आहे. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, ताज्या पायांनी चाचणी घ्यावी.

आठवड्याची आखणी मी अशी करीन. दोन दिवस पॅडवर 6 ते 8 सेकंदांचे पूर्ण ताकदीचे हल्ले, प्रत्येकानंतर किमान एक मिनिट चालणे, आणि वेग घसरला की त्या दिवशीचे काम तिथेच संपवणे. एक दिवस लढतीसारख्या 2 मिनिटांच्या फेऱ्या, 1 मिनिट विश्रांतीसह, जोडीदाराबरोबर. दोन दिवस कमाटीबागेत किंवा इतरत्र 40 मिनिटे अगदी आरामात धावणे, बोलता येईल इतक्याच वेगाने. बहुतेक तरुण मुले हे संथ धावणे कमीपणाचे मानून वेग वाढवतात आणि त्याचा उपयोग घालवून बसतात. उरलेल्या दिवसांत तंत्र आणि संपूर्ण विश्रांती. लढतीच्या आधीच्या आठवड्यात सगळेच कमी करावे.

अकोटेकर

तपासणीचा अहवाल आला. हिमोग्लोबिन 10.6 आणि फेरिटिन फारच कमी आहे. डॉक्टरांनी लोहाचे उपचार सुरू केले आहेत आणि काही काळ कठोर सराव नको असे सांगितले आहे. तिच्या प्रशिक्षकांना अहवाल दाखवला, त्यांनी पुढच्या स्पर्धेतून तिचे नाव स्वतःहून मागे घेतले आणि पॅडधारी यांची चाचणी रक्त सुधारल्यावर घ्यायचे ठरवले. संथ व्यायामाला मात्र डॉक्टरांची परवानगी आहे. मुलीला एकटीने धावणे कंटाळवाणे वाटते आणि माझ्याबरोबर वर्गाला यायची इच्छा आहे. ठेका ताई, आठवड्यातून एकदा वर्ग तिला संथ व्यायाम म्हणून वापरता येईल का?

ठेका

येईल, पण तुमच्या वर्गाच्या ताईंना आधी सगळे सांगा. तिने मागच्या रांगेत उभे राहावे, लाथा कंबरेच्या वर नेऊ नयेत, उड्या गाळून पायांची हालचाल जमिनीलगत ठेवावी, आणि घड्याळ 130 च्या वर जाऊ लागले की जागच्या जागी चालावे, ताल चालू असला तरीही. ठोसे अर्ध्या गतीने, पण मूठ हनुवटीपाशी परत आणून. त्या दिवशी दुसरा कोणताही सराव नको.

तांबडी माती

आणि त्या दिवशी बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वर लिंबू. चहा तासाभराने.